१२,८९८

आज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा कार्पेंटर खटल्याचा निकाल वाचताना एका आकड्यापाशी मन अडकलं. १२,८९८.

डेट्रॉइट परिसरातल्या मोबाइल दुकानांवरच्या दरोड्यांतला आरोपी कार्पेंटर १२७ दिवसांत कुठे कुठे होता, याच्या या नोंदी. दिवसाला सरासरी १०१. तपास यंत्रणेने त्या थेट मोबाइल कंपन्यांकडून मिळवल्या.

यात जीपीएस कुठेच नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. कॉल लागला की फोन एखाद्या टॉवरची अँटेना पकडतो, आणि ती अँटेना पाचरीच्या आकाराचा एक पट्टा सांभाळते. कॉल सुरू होताना कुठली आणि संपताना कुठली, कंपनी लिहून ठेवते. फोनवरचं लोकेशन बंद करून या नोंदी थांबत नाहीत. आणि या खटल्यात काही पट्टे चार चौरस मैलांचे होते! ‘दुकानात होता’ आणि ‘त्या भागात होता’ यात केवढं अंतर आहे.

झडतीचं वॉरंट नव्हतंच. तपासाला उपयोग होईल असं मानायला वाजवी कारण आहे, एवढं न्यायाधीशांना दाखवलं की काम भागायचं. जून २०१८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं, सात दिवसांच्या नोंदी घेणं हीसुद्धा झडतीच, वॉरंट हवं.

तरी कार्पेंटर सुटला नाही. यंत्रणेने तेव्हाच्या कायद्यावर प्रामाणिकपणे विसंबून नोंदी घेतल्या, म्हणून अपील न्यायालयाने २०१९ मध्ये तोच पुरावा चालवून घेतला.

आणि सातपेक्षा कमी दिवसांच्या नोंदी मागितल्या तर? तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा मोकळाच सोडला.