एका पॅकेजला एकच कप्पा का?

डेबियन या लिनक्स प्रणालीत प्रत्येक पॅकेजच्या, म्हणजे बसवता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्याच्या, माहितीत ‘सेक्शन’ नावाची एक ओळ असते आणि तिच्यात ॲडमिन, नेट, साउंड, व्हिडिओ, टेक्स्ट, फॉन्ट्स अशा ठरावीक विभागांपैकी एकच लिहिता येतो. पॅकेजेस शोधण्याचे आणि बसवण्याचे ॲप्टिट्यूड हे साधन नुसते सुरू केले, तरी सगळी पॅकेजेस या विभागांखाली उलगडत जातात. ‘ॲप्ट सर्च’ ही शोधाची आज्ञा वापरायची तर आधी नेमका शब्द सुचावा लागतो. चाळताना तो सुचण्याची गरज नसते, म्हणून नाव ठाऊक नसलेले साधन शोधण्यासाठी मला आजही विभाग चाळणेच बरे वाटते.

मात्र ध्वनी आणि चित्रफिती दोन्हींचे स्वरूप बदलणारे एफएफएमपेग व्हिडिओ विभागात असल्यामुळे, ध्वनिफितींचे स्वरूप बदलण्यासाठी साउंड विभाग धुंडाळणाऱ्याला ते तेथे सापडत नाही. मराठीत काम करणाऱ्याचीही अशीच ओढाताण होते: देवनागरी फॉन्ट एका विभागात, लिब्रेऑफिसचे मराठी रूप ‘लोकलायझेशन’मध्ये, तर मराठीसाठीची पॅकेजेस एकत्र बसवणारे ‘टास्क-मराठी’ तिसरीकडेच. फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीच्या पोर्ट्समध्ये, म्हणजे तिच्या सॉफ्टवेअर-संग्रहात, यावर निम्मा तोडगा आहे. तेथे एका पोर्टला अनेक वर्ग देता येतात. पहिला वर्ग त्याची डिरेक्टरी ठरवतो, आणि पायथनसारख्या काही वर्गांना तर स्वतःची डिरेक्टरीच नसते.

खरे उत्तर मला एन्रिको झिनी यांनी सुरू केलेल्या डेबटॅग्ज या डेबियनच्या टॅग-पद्धतीत दिसते. यात पॅकेजला जागा नेमून देण्याऐवजी त्याचे पैलू नोंदवले जातात: ते कोणत्या कामाचे, कशावर चालते, टर्मिनलमधून वापरायचे की खिडकीतून, कोणत्या भाषेत लिहिलेले. पैलू आणि त्याचे मूल्य यांच्यामध्ये दोन कोलन (::) असतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची १९३३ साली प्रसिद्ध झालेली कोलन वर्गीकरण पद्धती ज्यांना माहीत आहे, त्यांना हा विचार ओळखीचा वाटेल. पुस्तकाचा विषय अनेक पैलूंच्या जोडणीतून मांडावा, हे त्यांनी ग्रंथालयांसाठी सांगितलेच होते. ‘ध्वनीवर काम करणारे आणि कमांड लाइनवर चालणारे’ अशी दुहेरी अट ॲप्टिट्यूडच्या शोधात घातली की यादी एकदम आटोपशीर होते.

अर्थात टॅग लावायला माणसे लागतात, आणि पुष्कळ नव्या पॅकेजांना ते लागलेलेच नसतात. त्यामुळे मी ॲप्टिट्यूडच्या ‘यूजर टॅग’ या फारशा चर्चेत नसलेल्या सोयीकडे वळलो. तीत आपल्या संगणकापुरते स्वतःचे टॅग लावता येतात आणि पुढे त्यांवरून शोधही घेता येतो. माझे टॅग ‘ध्वनी’, ‘छपाई’, ‘प्रतिलिपी’ असे कामांवरून ठरलेले आहेत, तंत्रावरून नव्हे. टॅग मी फक्त ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ या आज्ञेने दाखवलेल्या, म्हणजे मुद्दाम बसवलेल्या पॅकेजांनाच लावतो, त्यांच्यामागून आपोआप आलेल्या लायब्रऱ्यांना लावत बसलो, तर यादी पुन्हा मूळ विभागांइतकीच बोजड होईल.