राख थंड झाली का?

वडसा स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे दहाच वाजले होते, पण ऊन पाठ भाजून काढत होतं. त्याआधीचे दोन दिवस ताडोब्यात गेले. वाघ दिसला, फोटो निघाले. त्यावर काही लिहावंसं वाटत नाही. कुरखेड्याकडे जाणाऱ्या एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका आजीने मोहाची टोपली मांडीवर घेतली आणि मला बूड टेकण्यापुरती जागा करून दिली.

मी एका पोराच्या घरी चाललो होतो. तो पोरगा आता नाही. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये वणवा विझवताना गेला. तेवीस वर्षांचा होता.

आमची ओळख जेमतेम अर्ध्या तासाची. चार वर्षांपूर्वी आम्ही तिघं मित्र दुचाकीवरून याच रस्त्याने चाललो होतो. जंगलाच्या कडेला तीन दगड मांडून चहा केला, निखाऱ्यांवर पायाने माती लोटली आणि निघालो. तेवढ्यात मागून शिट्टी आली. वळून पाहिलं तर खाकी शर्ट, पायात रबरी चप्पल, पाठीवर पाला उडवायचा ब्लोअर. आम्हाला परत बोलावून त्याने माती बाजूला सारली. खाली निखारा लालबुंद. स्वतःच्या बाटलीतलं सगळं पाणी त्याने त्यावर ओतलं, काडीने राख ढवळली, पुन्हा माझ्याकडचं थोडं पाणी मागून ओतलं. मग माझं मनगट धरून तळहात त्या राखेवर टेकवला.

"पाहा जी, थंड झाली का? हाताले समजते, डोयाले नाही समजत."

ती ओली, किंचित कोमट राख मला अजून तळहातावर जाणवते. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. रागावला नाही. उलट पुढचा रस्ता खराब आहे, सांभाळून जा म्हणाला.

अशा पोरांना फायर वॉचर म्हणतात. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, तेवढीच रोजंदारी. हंगामाआधी जाळरेषा, म्हणजे आग अडवायचे मोकळे पट्टे, साफ करायच्या, आणि आग लागली की तिच्या पुढचा पाला उडवून जमिनीचा पट्टा मोकळा करायचा, म्हणजे तिला खायला काही उरत नाही. आम्ही जंगल पाहायला हजारो रुपये मोजतो. ते जंगल उन्हाळ्यात कोणाच्या पाठीवर उभं असतं, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं, याची मला लाज वाटते.

घरी त्याची आई आणि काका होते. जेवणाचं विचारायच्या आधीच ताट आलं. काका हळूहळू बोलत होते. उतारावर वारा फिरला, बांबूच्या रांजीने, म्हणजे बेटाने, पेट घेतला. बरोबरचे दोघं खाली पळाले. हा पाठीवरची मशीन टाकून पळायला तयार नव्हता. "मशीन जळली तं भरून द्या लागते, असं त्याले वाटे." ते त्याला कोणी सांगितलं होतं, हे काका बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. तेवीस वर्षांच्या पोराच्या मनात जिवापेक्षा यंत्राचा धाक मोठा असावा, याचा संताप मात्र माझ्या मनातून जात नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजूर गेले, तेव्हा दोन दिवस बातम्या आल्या. याची तर ओळभरही मी कुठे वाचली नव्हती. मला कळलं ते त्या रस्त्यावरच्या चहावाल्याकडून.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला त्याच्या आईबरोबर, म्हणजे मावशींबरोबर, मोह वेचायला गेलो. मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करायची, म्हणजे पडलेलं फूल दिसतं, ही जुनी पद्धत. तिथूनच कितीतरी वणवे लागतात. हा पोरगा जिवंत होता तेव्हा ड्युटीवरून येताना गावातल्या म्हाताऱ्यांच्या मोहाखालचा पाला ब्लोअरने उडवून द्यायचा, त्यांनी काडी ओढू नये म्हणून. आता मावशी खराट्याने झाडतात. फक्त आपल्या झाडाखालचं नाही. शेजारच्या आंधळ्या आजीच्या दोन झाडांखालचंही. हंगाम सरत आलेला, फुलं विरळ. टप्... जरा वेळाने पुन्हा टप्. अंधारात तो गोडसर, डोक्यात चढणारा वास. मीही खराटा घेतला. पंधरा मिनिटांत कंबर धरली. मावशी तासभर थांबल्या नाहीत.

"यंदा कोनी आग नाही लावली इकडं," एवढंच म्हणाल्या.

उजाडलं. समाजमंदिराकडे निळे झेंडे लागले होते, स्पीकरवर भीमगीतं सुरू झाली होती. १४ एप्रिल. मी मावशींना सांगितलं की आज अग्निशमन दिनही असतो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट झाला, ती आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांची आठवण म्हणून देशभर मानवंदना देतात.

मावशी अंगणात मोहफुलं पसरवत होत्या. हात थांबला.

"सहासष्ट?" म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "आन त्यायच्या आया?"

मला काही बोलता आलं नाही. एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी दोन ओंजळी वाळलेला मोह माझ्या पिशवीत टाकला आणि रस्त्यापर्यंत सोडायला आल्या.