आमची वाटचाल: स्क्रॅपर ते चुंबक

गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, एका दुकानाबाहेर सध्या फलक आहे, ‘कोल्हापुरात प्रथमच मॅग्नेटिक प्लेटवर रेझिन मास्टर’. मास्टर म्हणजे दागिना ओतण्याआधी 3डी प्रिंटरवर रेझिनमध्ये छापलेला नमुना, आणि प्लेट म्हणजे मशीनमध्ये तो ज्याला चिकटून तयार होतो ती. फलक लावणाऱ्याचं नाव लिहीत नाही, गुजरीला ते माहीत आहे. ते ‘प्रथमच’ आमच्या शाहूपुरीच्या माडीवर झालं. त्या वेळी हे गृहस्थ आमच्याच स्टुलावर बसून ‘चुंबक म्हणजे पोरखेळ’ असं म्हणत होते. हे लिहून ठेवायला हवं, म्हणून ही वाटचाल.

2018 साली आम्ही दोघांनी काम सुरू केलं. मी कॅडवर, म्हणजे संगणकावर नक्षी काढायला, भागीदार मशीन आणि गिऱ्हाईक बघायचा. पहिलं मशीन ॲनिक्युबिकचं फोटॉन. टाकीतलं पातळ रेझिन खालच्या स्क्रीनच्या उजेडाने थराथराने घट्ट होतं आणि पीस वरच्या प्लेटला उलटा लटकत वाढतो. 115 बाय 65 मिलिमीटरची छपाई, 47 मायक्रॉनचा पिक्सेल आणि रंगीत स्क्रीन. एकरंगी (मोनो) स्क्रीनवर दोन-अडीच सेकंदांत थर बसवणाऱ्या आजच्या पोरांना त्याचं हसू येईल. आमचा एक थर आठ-दहा सेकंद घ्यायचा आणि स्क्रीन पाचेकशे तासांत मान टाकायची. पण त्याच मशीनवर आम्ही कोल्हापुरी साजाची पानं काढली. चंद्र, कमळ, शंख, कासव, भुंगा, बेलपान, आणि प्रत्येकाचा मास्टर वेगळा. ठशावर पिढ्यान्‌पिढ्या काम केलेले कारागीर भिंग लावून बघायचे आणि काही न बोलता पीस परत द्यायचे. गुजरीत काही न बोलणं म्हणजे पसंती.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांचं झालं तेच आमचं झालं. आयपीए, म्हणजे पीस धुवायचं अल्कोहोल, सॅनिटायझरवाल्यांनी पळवलं, धुवायला मिळेना. ते निभावलं. जुलै 2021 मध्ये पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढलं. मशीन माडीवर होती म्हणून वाचली. वीज नव्हती, तेवढ्यात टाकीतलं रेझिन खाली बसलं, ते गाळून पुन्हा वापरलं. लोकांना वाटतं आम्हाला पुराने बुडवलं असतं. पुराने नाही, आम्हाला स्क्रॅपरने, प्लेटवरून पीस खरवडून काढायच्या पात्याने, जवळजवळ संपवलं.

आमच्या कास्टेबल, म्हणजे ओतकामासाठीच्या, रेझिनमध्ये मेण असतं, म्हणून ते भट्टीत राख न ठेवता जळून जातं. पण मेणामुळेच नुकता निघालेला पीस कोवळा असतो. वाकत नाही, तुटतो. प्लेट काढायची, आडवी धरायची, पातं राफ्टच्या, म्हणजे पिसाला प्लेटशी धरून ठेवणाऱ्या पातळ पाटाच्या, कडेखाली घालायचं आणि मुठीवर तळहाताचा ठोका द्यायचा. आपण ठोका राफ्टला देतो, पण तो सपोर्टच्या काड्यांमधून थेट बेलपानाच्या देठाला जाऊन बसतो. जिथे 0.4 मिलिमीटरची तार आहे तिथे हा ठोका कुठे निघणार? तळाच्या थरांना उजेड द्यायचा वेळ कमी केला तर पीस मध्येच सुटून टाकीत पडतात. वाढवला तर इतके घट्ट बसतात की ठोका जोरात द्यावा लागतो. पातं घसरलं की डाव्या अंगठ्याखाली शिरतं. आमच्याकडे राहिलेल्या प्रत्येक पोराच्या हाताला ती खूण आहे. प्लेटवर ओरखडे उठतात, त्यांच्या कडा टाकीच्या तळाच्या पारदर्शक पडद्याला, फेपला, टोचतात, फेप फुटली की रेझिन सरळ स्क्रीनवर. हे सगळं आम्ही धंद्याचा भाग म्हणून सोसत होतो. सगळेच सोसत होते.

त्या वर्षी दसरा-दिवाळीसाठी एका मोठ्या पेढीने साजाच्या सगळ्या पानांचे मास्टर सांगितले. पूर ओसरल्यावर मिळालेलं ते पहिलं मोठं काम. पीस दिले, कास्टरकडे (ओतकाम करणाऱ्याकडे) गेले, फ्लास्क, म्हणजे साच्याचे डबे, भट्टीत चढले, आणि चांदी ओतल्यावर देठाशी केसासारख्या भेगा दिसल्या. रेझिनमध्ये ती भेग दिसत नाही. साच्याचं प्लास्टर (इन्व्हेस्टमेंट) भेगेत शिरतं आणि ओतल्यावर नेमकं तेवढंच उमटतं. कास्टरने भट्टीचं, चांदीच्या घटीचं, मजुरीचं बिल आमच्या नावावर टाकलं. पेढीने परत पाठवलेल्या पिसांचे पैसे कापले. ते ठीक होतं. पण जे पीस पास केले, ज्यांचे रबर मोल्ड बनवून दिवाळीभर माल विकला, त्यांचेही पैसे अडकवले. ते आजतागायत आलेले नाहीत. पेढीचा मालक अंबाबाईच्या देवळात भेटला की हात जोडतो, मीही जोडतो.

त्याच दिवसांत राजकोटहून ग्रॅमवर, म्हणजे वजनाच्या भावाने, मास्टर येऊ लागले. भाव असा की आमचं रेझिनही त्यात सुटेना. गुजरीतली निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. मशीनचा हप्ता, माडीचं भाडं, पोरांचे पगार. भागीदार म्हणाला, आपणही ग्रॅमवर जाऊ. मी नाही म्हणालो. बारीक कामाला ग्रॅमचा भाव लावणं म्हणजे कारागिराला त्याच्या चुका विकायला लावणं.

अशा वेळी हुपरीचे काका आले. पैंजण आणि घुंगरांचे नमुने ते आमच्याकडून पहिल्या वर्षापासून करून घेतात. त्यांनी तुटलेले पीस हातात घेतले, भिंगातून देठ बघितले आणि म्हणाले, “पीस बरा निघतुय, काढताना मरतुय. काढायचं बघा की.” जाताना पुढच्या कामाचे पैसे टेबलावर ठेवून गेले. पावती द्यायला गेलो तर जिना उतरलेले. त्या पैशावर आम्ही दिवाळीपर्यंत टिकलो, आणि आज काकांच्या कामाला आमच्याकडे रांग नसते. कोणाला राग येत असेल तर येऊ दे.

काढायचं बघितलं. फिलामेंटच्या, म्हणजे प्लास्टिकची तार वितळवून छापणाऱ्या, मशीनवर हा प्रश्न आधीच सुटला होता. प्रुसा कंपनीने 2017 च्या एमके3 मशीनवर चुंबकावर बसणारा स्प्रिंग स्टीलचा पत्रा दिला होता. वाकवला की वस्तू सुटते. रेझिनसाठी तयार संच बाहेर मिळत होते, पण आमच्या खिशात तेवढं नव्हतं. म्हणून चिकट पाठीचं चुंबकाचं शीट मागवलं आणि पत्रा शिरोली एमआयडीसीत लेझरवर कापून घेतला. तिथल्या माणसाने आपलेपणाने 304 स्टेनलेस दाखवलं, गंजणार नाही म्हणून. 304 चुंबकाला धरत नाही! साधा पत्रा धरतो, पण एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. स्प्रिंग स्टीलच पाहिजे, ते परत सपाट होतं. कोल्हापूरच्या पावसात गंजतं हे खरं. धुतल्यावर कोरडं पुसा, एवढंच.

लावण्याचं काम सोपं दिसतं, म्हणून लोक तिथेच फसतात. जुनी ॲल्युमिनियमची प्लेट घासून आयपीएने पुसायची. चुंबक एका कडेपासून हळूहळू चिकटवत जायचं, खाली बुडबुडा राहता कामा नये. रात्रभर वजनाखाली ठेवायचं. मग पत्र्याचा वरचा भाग पॉलिश पेपरने आडवाउभा खरवडायचा, गुळगुळीत पत्र्याला रेझिन धरत नाही. इथवर कोणीही करेल. खरी गोम पुढे आहे. चुंबक आणि पत्रा मिळून प्लेट साधारण दोन मिलिमीटर जाड होते. मशीनला ते माहीत नसतं. प्लेट कुठे थांबायची ते सांगणारा सेन्सर लागेपर्यंत ते प्लेट खाली आणत राहतं, आणि सेन्सर लागायच्या आत पत्रा स्क्रीनवर टेकतो. मोटर थांबत नाही, काच फुटते. तेव्हा एक तर सेन्सर तेवढा वर सरकवायचा, नाही तर सेन्सरमध्ये शिरणारी पट्टी खाली वाढवायची. त्यानंतर टाकी काढून ठेवून कागद घालून नव्याने लेव्हल. दाब ओळखून थांबणाऱ्या नव्या मशीनला याची गरज नाही, पण जुन्या मशीनवर हे वगळू नका.

पहिला पत्रा निघाला तेव्हा मी तो आयपीएच्या डब्यात पिसांसकट बुडवला, बाहेर काढला आणि दोन हातांनी वाकवला. भाजलेली भाकरी तव्यावरून सुटावी तसा राफ्ट सुटला. देठ शाबूत. भुंग्याच्या मिशासुद्धा शाबूत. भागीदार म्हणाला, “बघू किती दिवस टिकतंय.”

टिकलं. तुटणारे पीस जवळजवळ थांबले, पण पैसा वाचला तो दुसऱ्याच गोष्टीत. आम्ही दोन पत्रे केले. एक धुण्यात असला की दुसरा मशीनवर. पूर्वी प्लेट खरवडून, पुसून, परत लेव्हल बघेपर्यंत मशीन रिकामी बसायची. सिझनमध्ये तो वेळ म्हणजे नफा. कोणी मला विचारलं नाही, तरी सांगतो: पत्रा एक घेऊ नका, दोन घ्या.

आणि पत्र्याची पाठ बघा. प्रत्येक वेळी. चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये रेझिन झिरपतं, उजेडात घट्ट होतं, आणि तो कण पत्रा एका कोपऱ्यात उचलतो. सोनाराच्या खोलीत दुसरा धोका. सोनं-चांदी चुंबकाला धरत नाही, पण करवतीच्या पात्यांचे तुकडे आणि कानशीचा चुरा धरतो. प्लेट कामाच्या टेबलावर ठेवली की खाली काय चिकटलंय ते दिसत नाही, थेट फेपमध्ये भोक पडतं. आमच्याकडे चुंबकाची प्लेट सोनारकामाच्या खोलीत नेत नाहीत. चुंबक आयपीएत बुडवून ठेवू नका, गोंद सुटतो. भट्टीच्या शेजारी ठेवू नका, गरमीने चुंबक दुबळा होतो. आणि मोठा, सपाट, भरीव पीस थेट पत्र्यावर छापायची हौस असेल तर जरा थांबा. फेपची ओढ चुंबकापेक्षा जास्त झाली की पत्राच उचलतो. प्लेट वर उचलायचा वेग कमी करा, पोकळ पिसाला भोक ठेवा. आमच्या बारीक कामाला हा त्रास नाही, पण गणपतीच्या मूर्ती छापणारे येऊन विचारतात म्हणून लिहिलं.

पुढच्या वर्षी दिवाळी पाडव्याला भागीदाराने हिशेब मागितला. हिशेब दिला. गिऱ्हाइकांची वही त्याच्याकडेच होती, ती परत आली नाही. महिनाभरात गुजरीत दुकान उघडलं, ‘पोरखेळ’ चुंबकासकट. सुरुवातीला त्याच्याकडे स्क्रीन फुटत होत्या असं कास्टरकडून कळलं. चुंबक लावताना तो बघत होता, सेन्सर सरकवताना चहा प्यायला खाली गेला होता.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली, त्यांत सांगण्यासारखं काही नाही. मशीन वाढल्या, मोनो स्क्रीन आल्या. 2024 मध्ये फॉर्मलॅब्स कंपनीने तिच्या फॉर्म 4 या रेझिनच्या मशीनसाठी वाकणारी प्लेट आणली तेव्हा आमच्या पोराने मला फोटो दाखवला आणि म्हणाला, “काका, आपली कल्पना चोरली.” चोरली नाही, आपण कोण एवढे मोठे. पण ऐकायला बरं वाटलं.

जुन्या मशीनला चुंबक लावून हवा असेल तर शाहूपुरीत या. पत्रा आम्ही कापून देतो, दोन घेतले तर दुसऱ्याची मजुरी घेत नाही. फक्त प्लेट घेऊन येऊ नका, मशीनही आणा. सेन्सर स्वतः बघितल्याशिवाय आम्ही चुंबक चिकटवून देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.