टायटॅनियम टेलकॅप: अडकणारं बटण अखेर सुटलं

मंडळी, मी घडवत असलेल्या टायटॅनियम टॉर्चच्या टेलकॅपचं (मागच्या टोपीचं) अडकणारं बटण सुटलं! काठावर दाबा, तिरकं दाबा, नखाने दाबा, बोट उचललं की दिवा त्या क्षणी विझतो. पुढचा भाग एलईडीबद्दल असेल असं मागच्या वेळी लिहिलं होतं, पण तो पुढे ढकलतोय. मधला सगळा वेळ या बटणाने खाल्ला, आणि त्यातून जे हाती लागलं ते टायटॅनियमची टेलकॅप करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे.

होस्ट (टॉर्चचा सांगाडा) तोच आहे. ग्रेड ५ टायटॅनियम, १८३५० मापाचा सेल, आठ ७१३५ चिप्सचा ड्रायव्हर (एलईडीचा करंट ठरवणारं सर्किट) म्हणजे कमाल २.८ अँपिअर, मागे मॅकक्लिकी हा फॉरवर्ड क्लिकी स्विच. मागे त्रास देणारा फ्लिकर, म्हणजे उजेडाचं लुकलुकणं, गेलाय तो गेलाच. टायटॅनियमची बॉडी करंट अडवते असं अजूनही बरेच जण लिहितात, म्हणून त्यावर दोन ओळी. ग्रेड ५ चा विद्युतरोध ६०६१ ॲल्युमिनियमच्या चाळीसेक पट असतो हे खरं. पण माझ्या नळीचा छेद आणि लांबी घेऊन हिशोब केला तर अख्ख्या बॉडीचा रोध जेमतेम एक मिलिओहम भरतो. टेलकॅपच्या स्प्रिंगमध्ये त्याच्या कितीतरी पट जातो. बिघाड होता तो आट्यांच्या टोकाशी, जिथे टेलकॅप बॉडीला टेकते तिथे. ती कड घासून सपाट केली, स्प्रिंगवर तांब्याची तार डागली, विषय संपला.

आता बटण. रबरी बूट (स्विचवरची रबरी टोपी) नको, टायटॅनियमचंच बटण हवं, हे मी पहिल्या भागातच ठरवलं होतं. रबर कालांतराने चिकट होतं, पिवळं पडतं, आणि एवढ्या निगुतीने केलेल्या टॉर्चवर सतत अंगठा ठेवायचा तो रबरावर, हे मनाला पटत नाही. म्हणून १२ मिलिमीटरचं भोक, त्यात टायटॅनियमचं बटण, खाली पातळ रबरी पडदा (पाणी तोच अडवतो) आणि त्याखाली स्विच. मधोमध दाबलं तर अप्रतिम चालायचं. फॉरवर्ड क्लिकीची सगळी मजा अर्ध्या दाबात आहे: हलकं दाबलं की उजेड, सोडलं की अंधार, दोनतीनदा हलकं टिचकवून हवा तो मोड आणायचा आणि मग पूर्ण दाबून लॉक करायचं. रिव्हर्स क्लिकीत आधी पूर्ण क्लिक, मगच उजेड. ओम्टेन १२८८ हा रिव्हर्स क्लिकी बसवलेले माझे दोन दिवे आहेत, स्विच म्हणून दणकट आहे, पण ज्याला अर्ध्या दाबाची सवय लागली त्याला ते चालत नाही.

आणि नेमका हा अर्धा दाबच बिघडत होता. बटणाच्या काठावर अंगठा पडला की बटण आत जायचं आणि तिथेच राहायचं. बोट उचललं तरी दिवा चालूच. थोडा धक्का बसला की टप्प करून वर. खिशात असं झालं तर काय होईल ते सांगायला नको. ग्रेड ५ ची उष्णतावहनक्षमता ॲल्युमिनियमच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढी आहे. आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, तोवर डोकं चांगलंच तापलेलं असतं.

बटण काढून भिंगाखाली धरलं. कडेला दोन ठिकाणी, बरोबर समोरासमोर, एक वर आणि एक खाली, खरवडल्यासारखे मंद करडे पट्टे होते. त्यांच्या टोकाला धातूचा बारीक लोळ गोळा झालेला, आणि कापूस फिरवला तर काळपट भुकटी. गॉलिंग. टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की वरचा ऑक्साइडचा थर फाटतो, उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो आणि तुटताना एकमेकांचे लचके काढतो. आट्यांमध्ये आपण सगळे यासाठीच नायोजेल ७६०जी ग्रीस चोपडतो. पण बटणात ग्रीस भरलं तर खिशातला कचरा धरून त्याची लापशी होते.

मागच्या भागाखाली दोन सल्ले पुन्हा पुन्हा आले होते. एक, गाळा (बटण आणि भोक यांच्यातली फट) वाढवा. दोन, आरशासारखं पॉलिश करा. दोन्ही करून पाहिले. पॉलिशने काही दिवस बरं वाटलं, मग परत तेच, कारण गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना जास्त जागी भिडतात आणि टायटॅनियमला चिकटायला तेवढंच हवं असतं. गाळा वाढवला तर बटण खुळखुळायला लागलं आणि अडकायचं ते अडकलंच. असं का, हे कळायला मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली.

रुंद पण उथळ ड्रॉवर एका कोपऱ्याने ढकलला की तिरका होऊन रुततो, तसाच हा प्रकार आहे. बटण मध्यापासून काही अंतरावर दाबलं की ते कलतं आणि भोकाच्या भिंतीला दोन ठिकाणी रेटतं, एकीकडे वर, दुसरीकडे खाली. (भिंगाखाली दिसलेले ते दोन पट्टे!) त्या दोन जागांवरचं घर्षण दाबाच्या बरोबरीला आलं की बटण रुतलं. हिशोब केला तर मध्यापासून किती लांब दाबलं की रुतेल ही हद्द अगदी साध्या सूत्रात बसते: बटणाची भिंतीत धरलेली लांबी भागिले घर्षणांकाची दुप्पट. माझ्या बटणाची धरलेली लांबी ४ मिलिमीटर. कोरड्या टायटॅनियमवर टायटॅनियमचा घर्षणांक ०.५ च्या आसपास. म्हणजे मध्यापासून ४ मिलिमीटरच्या पलीकडे दाबलं की रुतणार, आणि बटणाची त्रिज्या आहे ६. अंगठा सहज तिथे पडतो. या सूत्रात गाळा कुठेच नाही हे पाहिलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. गाळ्याशी खेळणं बंद केलं. बदलायच्या गोष्टी दोनच उरल्या, लांबी आणि घर्षण.

डॉन मॅकलीश यांच्या जुन्या मॅकगिझ्मो पीडी टॉर्चकडे यानंतर वेगळ्या नजरेने पाहिलं. पीडी म्हणजे पिस्टन ड्राइव्ह. शेपटी दाबली की पिस्टन सरकतो आणि दिवा लागतो, पिळली की लागलेला राहतो. तो पिस्टन सेलच्या कडेने थेट डोक्यापर्यंत जातो. एवढी लांबी धरलेली असताना तो कोपऱ्यावर दाबून रुतणं अवघडच. हवाईत बसून एका माणसाने हाताबाहेर न जाणाऱ्या संख्येत केलेल्या या दिव्यांना लोक आजही का शोधत असतात, याचं माझ्यापुरतं उत्तर यात आहे. फोटोत टायटॅनियमची झळाळी दिसते, पण हाताला रोज भेटतो तो स्विच. कूल फॉलच्या स्पाय ००७ टॉर्चची फिरवायची चकती घ्या किंवा मॅकक्लिकी घ्या, मर्यादित संख्येत निघणाऱ्या दिव्यांत ज्यांची नावं टिकली त्यांच्या बोटाखालच्या भागावर कुणीतरी मनापासून घासाघीस केलेली असते. नुसती नक्षी आणि ट्रिटियमच्या (आपोआप चमकणाऱ्या नळ्यांच्या) खाचा पाडलेले कितीतरी दिवे आले आणि विसरले गेले.

तर घर्षण कमी करायचं. भोकात डेल्रिनचा (कडक, निसरड्या प्लास्टिकचा) बुश, म्हणजे अस्तरासारखी नळी, बसवायचा असं ठरवून भोसरीतल्या लेथवाल्या काकांकडे गेलो. भोक १२ चं १४ करायचं, त्यात एक मिलिमीटर जाडीचा बुश दाबायचा. काकांनी टेलकॅप हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "झालेल्या टोपीला परत कशाला हात लावता? बटण बारीक करा, रिंग बटणालाच चढवा." वाया गेलं तर बटण जाईल, टोपी नाही. बोलणं सोळा आणे खरं.

पण घरी येऊन विचार केला तेव्हा दुसरी अडचण दिसली. डेल्रिन टायटॅनियमच्या दहापटीहून जास्त प्रसरण पावतं. नुसती दाबून बसवलेली रिंग टॉर्च तापली की ढिली होणार. मग सुचलं की दाबून बसवायचीच कशाला? बटणावर वरची कड ११.८ ठेवायची, खाली अडकायची बाहेरची कड आहेच, या दोन कडांच्या मध्ये १० मिलिमीटरची खाच, आणि रिंगला तिरका काप देऊन ती पिस्टन रिंगसारखी खाचेत उघडून बसवायची. तापली तर जागच्या जागी थोडी फुगेल, पण सुटून कुठे जाणार नाही. वरून पाहिलं तर फक्त टायटॅनियम दिसतं. त्यातच बटणाचा खालचा भाग लांबवून धरलेली लांबी ४ ची ६ केली. डेल्रिनचा घर्षणांक ०.२५ धरला तर रुतायची हद्द १२ मिलिमीटरवर जाते, म्हणजे बटणाच्या त्रिज्येच्या दुप्पट. रिंगचा बाहेरचा व्यास ११.९२, त्यामुळे कितीही कललं तरी टायटॅनियम टायटॅनियमला शिवत नाही.

काकांनी रिंग समोरच कापून दिली, हातात घेऊन ब्लेडने तिरका छेद. घरी येऊन चढवली, बटण खाली सोडलं, टेलकॅप पिळली आणि अगदी काठावर नख रोवून दाबलं. लागला. सोडला. विझला. रात्री उशिरापर्यंत तेच करत बसलो होतो. आवाजही बदललाय, आधीचा किरकिरा सूर जाऊन आता नुसता मॅकक्लिकीचा भरीव ठोका ऐकू येतो.

रिंग नायलॉनची करू नका. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, आपल्याकडच्या पावसाळ्यात तीच रिंग घट्ट होऊन बसेल. डेल्रिन पाणी नगण्य घेतं.

सामानाबद्दल. ग्रेड ५ चे तुकडे मुंबईत सी. पी. टँक आणि खेतवाडीच्या धातू व्यापाऱ्यांकडे वजनावर मिळतात, पण एमटीसी (मिल टेस्ट सर्टिफिकेट, धातूच्या तपासणीचा दाखला) मागितल्याशिवाय घेऊ नका. एका ठिकाणाहून ऑनलाइन मागवलेला "ग्रेड ५" गज लेथवर लागताच मऊ लागला, चिप्स (कापताना निघणारा कीस) वेगळ्याच, आणि विक्रेता कागद द्यायला तयार नाही. तो गज टॉर्चच्या खिशाला लावायच्या क्लिपसाठी वापरतोय. इन्सर्ट (लेथचं कापायचं पातं) धारदार आणि बिनकोटिंगचा घ्या, वेग कमी ठेवा, फीड (टूल पुढे सरकणं) थांबवू नका. टूल एका जागी चोळत राहिलं की टायटॅनियम तिथेच कडक होतं. बारीक चिप्स पेट घेतात, शेजारी कोरड्या वाळूची बादली असू द्या. पाणी मारू नका.

क्लिपवरून आठवलं, ती निळी झाली! टाकणखाराच्या पाण्यात, ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून. २७ व्होल्टला खोल निळा येतो. आधी ॲसिटोनने पुसली होती, त्यामुळे कुठे डाग नाही. रंगासाठी हे उत्तम, पण गॉलिंगवर उपाय म्हणून कुणी बटण ॲनोडाइझ करत (असाच विजेने ऑक्साइडचा थर चढवत) असेल तर थांबा. तो थर नॅनोमीटरमध्ये मोजायचा असतो, काठावरून लगेच उडतो.

आता बॅचबद्दल. टेलकॅप हवी म्हणून बऱ्याच जणांनी निरोप पाठवलेत आणि काहींनी आगाऊ पैसे द्यायची तयारी दाखवली आहे. पैसे आत्ता नकोत. बाहेर एखादी मर्यादित बॅच आली की काही मिनिटांत संपते आणि आठवड्याभरात तीच चढ्या भावाने विकायला निघते, हे आपण सगळेच पाहतो. मला या टेलकॅप वापरणाऱ्यांच्या हातात जायला हव्या आहेत. काकांच्या फावल्या वेळात एका दमात होतील तेवढ्याच करणार, प्रत्येकीबरोबर एक जादा रिंग देणार. पहिल्या दोन अशा मित्रांना देणार आहे जे रात्रीच्या ट्रेकला टॉर्च खरोखर धूळ-चिखलात वापरतात.

लिहिता लिहिता एक विचार आलाय. डेल्रिनऐवजी फॉस्फर ब्राँझची रिंग, आणि वरची कड काढून टाकून ती मुद्दाम दिसू द्यायची. करड्या टायटॅनियममध्ये तांबूस वर्तुळ सुंदर दिसेल. घर्षण कोरडं असताना किती भरेल आणि घामाने टायटॅनियमच्या शेजारचं ब्राँझ किती हिरवं पडेल, हे पाहावं लागेल. काकांकडे ब्राँझचा तुकडा पडलेला दिसला होता. शनिवारी जातोच आहे, एक कापून घेतो आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतो. एलईडीचा भाग त्यानंतर. ५१९ए या एलईडीचा डोम (वरचा पारदर्शक घुमट) काढून ठेवलाय, टिंट (उजेडाची छटा) मस्त आलाय.

ज्यांच्या टेलकॅपला आधीच धातूचं बटण आहे आणि ते अडकतं, त्यांनी भोकाचा व्यास आणि बटणाची धरलेली लांबी कॅलिपरने मोजून कळवा. रिंगचं माप काढून देतो.