रंगाच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं

मी चित्रसंवर्धक आहे. सुटलेले रंगाचे पापुद्रे परत बसवायचे, पिवळं पडलेलं व्हार्निश उतरवायचं, हे माझं रोजचं काम. माझ्या टेबलावर येणाऱ्या चित्रांचे चित्रकार बहुतेक वेळा हयात नसतात. मग प्रश्न विचारायचे ते क्ष-किरणांना, सूक्ष्मदर्शकाला, नाहीतर टाचणीच्या टोकाएवढ्या रंगाच्या कणाला. उत्तरं मिळतात, पण अर्धवट.

त्या दिवशी मात्र जिला विचारायचं ती समोर असणार होती. आमचं संग्रहालय एक मोठं तैलचित्र विकत घेणार होतं आणि खरेदीआधी मला चित्रकर्तीशी तिच्या साहित्याबद्दल बोलायचं होतं. त्यांनी वेळ दिली ती खुल्या स्टुडिओंच्या दिवसाची. सगळी इमारत कलाकारांच्या खोल्यांची, आणि त्या दिवशी प्रत्येक दार उघडं.

अशी दारं उघडण्याची पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या टेन्थ स्ट्रीट स्टुडिओ बिल्डिंगमध्ये १८५९ साली अमेरिकी निसर्गचित्रकार फ्रेडरिक चर्च यांचं ‘हार्ट ऑफ द अँडीज’ पाहायला लोक पंचवीस सेंट देऊन रांगा लावत. ते पूर्ण झालेलं चित्र पाहायला येत. मला ओढ होती अपुऱ्या कामांची, डब्यांची, फडक्यांची.

तळमजल्यावर कुंभारकाम करणारी मुलगी ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. झाडू मारला तर मातीतली सिलिका हवेत उडते आणि फुप्फुसात जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वरच्या मजल्यावर एका चित्रकाराच्या दाराशी झाकणाचा पत्र्याचा डबा, आत पाणी आणि तेलकट चिंध्या. जवसाचं तेल वाऱ्याने सुकत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता बाहेर पडते. चिंध्यांचा बोळा करून टाकला तर ती आतच कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. तो डबा पाहून मला फार बरं वाटलं. सगळीकडे तो दिसत नाही.

चित्रकर्तीच्या खोलीत शिरले आणि नजर थेट खिडकीकडे गेली. काचेला कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, प्रत्येकीवर एकेका रंगाचा फिका हात, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकलेला, उजेडात कोणता रंग उडतो ते कळावं म्हणून. त्यांनी एका पट्टीवरचा काळा कागद काढला. ॲलिझरिन क्रिम्झन या लाल रंगाचा झाकलेला भाग गुलाबी होता, उघडा जवळजवळ पांढरा. शेजारचा क्विनाक्रिडोन हा दुसरा रंग मात्र दोन्हीकडे सारखाच. “म्हणून मी ॲलिझरिन सोडला,” त्या म्हणाल्या. इतक्या साध्या उपायाने इतकं ठाम उत्तर! व्हॅन गॉगने १८८८ साली पत्रांत आपल्या शयनगृहाच्या भिंती फिकट जांभळ्या असल्याचं लिहिलं होतं. आज चित्रात त्या निळ्या दिसतात, कारण मिश्रणातला लाल उडून गेला. त्याने लिहून ठेवलं नसतं तर मूळ रंगाची शंका यायलाही किती वेळ लागला असता!

मग मी पांढऱ्याबद्दल विचारलं. “टायटॅनियम व्हाइट, दुसरं काही नाही,” त्या म्हणाल्या. मी ट्यूब मागितली. समोर मोठ्या अक्षरात टायटॅनियम, पण मागे अगदी बारीक टायपात पीडब्ल्यू ६ आणि त्याच्यापुढे पीडब्ल्यू ४. हे रंगद्रव्यांचे सांकेतिक क्रमांक: पहिला टायटॅनियम, दुसरा झिंक. तेलातल्या स्निग्धाम्लांशी झिंकची प्रक्रिया होऊन झिंक साबण तयार होतात. रंगाचा थर ठिसूळ होतो, तडकतो, कधी खालच्या थरापासून सुटतो.

त्या गप्प झाल्या. मग रॅकच्या तळातून एक जुनं चित्र ओढून काढलं आणि पांढऱ्या आकाशाच्या कडेला बोट ठेवलं. तिथे केसासारखे तडे होते. “मला वाटलं कॅनव्हास नीट ताणला नव्हता.” निव्वळ पाहून झिंकवर बोट ठेवता येत नाही, ताणही कारण असू शकतो. तसं मी त्यांना सांगितलं.

“मग ते मोठं चित्र घेणार नाही का तुम्ही?”

“घेणार. फक्त कसं सांभाळायचं ते आता आम्हाला कळलं.” गुंडाळायचं नाही, मागून ताठ आधार द्यायचा, दमटपणा सतत वरखाली होऊ द्यायचा नाही.

त्यानंतर आम्ही प्रत्येक थर लिहून काढला: अस्तर कोणतं, माध्यमात तेल किती, कोणत्या भागाला शेवटी हात लावला. चित्रकार सोबत असल्याशिवाय हे सगळं कुठल्याही यंत्राला सांगता येत नाही. माझं ठाम मत आहे की खरेदीच्या कागदांबरोबर हा कागदही आलाच पाहिजे, आणि एक प्रत चित्राच्या मागेही हवी.

बोलणं संपत आलं तेव्हा शेजारचा चित्रकार दारात उभा होता, हातात आपल्या पांढऱ्याच्या तीन ट्यूब घेऊन. त्याच्या मागे आणखी दोघं. मी खिशातलं भिंग काढलं आणि आम्ही एकेक ट्यूब उलटी करून वाचायला बसलो.