नाना, लेबरचा पुतळा आणि आपलं फैजपूर

गेल्या थंडीत धाकट्याकडे दिल्लीला जाऊन आलो. तो तिथं यूपीएससीची तयारी करतो, आईला त्याला एकदा डोळ्यानं पाहायचं होतं, आणि नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, केळीची एक बाग कापून झाल्यामुळं चार दिवस मोकळे मिळाले होते. भुसावळहून रात्री गाडी, सोबत कळण्याचं (ज्वारी-उडदाच्या भाकरीचं) पीठ, भरिताची वांगी (हो, दिल्लीला वांगी नेली, हसू नका, तिकडच्या वांग्याचं भरीत होत नाही असं आईचं ठाम मत आहे) आणि केळीच्या वेफर्सची एक अख्खी पिशवी.

लाल किल्ला झाला, कुतुबमिनार झाला, तिसऱ्या दिवशी इंडिया गेटला गेलो तर ऊन चांगलं लागत होतं आणि आईचे पाय दुखायला लागले. धाकटा म्हणाला जवळच नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे, जयपूर हाऊसमधे, वीस रुपये तिकीट, बसायला जागा आहे, बाग आहे. मॉडर्न आर्ट म्हटल्यावर माझ्याच पोटात गोळा आला, नानांना काय दाखवणार तिथं? पण बसायला जागा आहे हे ऐकून आई आधीच चालायला लागली होती.

जयपूर हाऊस म्हणजे जयपूरच्या महाराजांचा दिल्लीतला बंगला, आर्थर ब्लोमफिल्ड नावाच्या इंग्रज आर्किटेक्टनं काढलेला, फुलपाखरासारखे दोन पंख आणि मधे घुमट. १९३६ साली बांधलेला. हे साल लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल. १९५४ मधे तिथं ही गॅलरी सुरू झाली आणि २००९ ला मागं नवीन मोठी इमारत जोडली. सोमवारी बंद असते, आम्ही नशिबानं बुधवारी गेलो.

आत जायच्या आधी हिरवळीवरच नाना अडकले. तिथं शिल्पं मांडलीयेत, दगडाची, धातूची, काही माणसाची, काही कशाची ते ज्याचं त्यानं ठरवावं अशी. एका लोखंडी आकृतीजवळ जाऊन नाना म्हणाले, "हे तं आपल्या डिस्कचं भंगार दिसते," (डिस्क म्हणजे ट्रॅक्टरमागचं नांगरटीचं अवजार) आणि बोटानं टकटक करून पाहिलं. लगेच शिट्टी वाजली. नानांनी हात मागं घेतला आणि शिट्टीवाल्याकडं बघून नमस्कार केला, तोही हसला.

मग ते मोठ्या शिल्पापाशी आलो. चार माणसं, अंगावर लंगोट, आणि एक मोठा धोंडा हलवायला जिवाच्या आकांतानं भिडलेली. देवीप्रसाद रॉय चौधुरींचं 'ट्रायम्फ ऑफ लेबर', श्रमाचा विजय. हेच चेन्नईला मरीना बीचवर पण आहे, तिथं १९५९ ला बसवलं, बरेच लोक त्याला लेबर स्टॅच्यू म्हणूनच ओळखतात. रॉय चौधुरी बंगालचे पण बरीच वर्षं मद्रासच्या आर्ट स्कूलचे प्रिन्सिपल होते. मी हे सगळं मोबाईलवर वाचून दाखवत होतो आणि नाना ऐकतच नव्हते. ते शिल्पाभोवती फिरत होते. एक फेरी, दुसरी फेरी, मग खाली वाकून पाय बघायला लागले.

"यानं काम पाह्यलेलं हाये," म्हणाले.

मी म्हटलं कोणी? "ज्यानं केलं त्यानं. जोर हातात नसते, मांडीत असते. शहरातला मानूस पुतळा करीन तं दंड फुगवून ठेवीन."

आमची विहीर मी चौथीत असताना खोदली होती. यारी (दगड-माती वर ओढायची) होती, सुरुंग होते, पण मधेच एक धोंडा असा आडवा आला की सुरुंग लावला तर बाजूची कड ढासळायची भीती. मग नाना, काका आणि दोन मजूर असे चौघं आत उतरले, सबलीनं दिवसभर हलवत होते. मला वरून फक्त चार पाठी दिसत होत्या आणि एकसाथ ओरडणं ऐकू यायचं. ते मी विसरूनच गेलो होतो. नाना काही बोलले नाहीत विहिरीबद्दल, मीही नाही काढलं, पण तिसऱ्या फेरीला मीही त्यांच्यासोबत फिरलो.

याच रॉय चौधुरींचं दिल्लीतलं दुसरं काम सगळ्यांनी पाहिलेलं आहे, फक्त कोणाला माहीत नसतं. सरदार पटेल मार्गावरची 'ग्यारह मूर्ती', गांधीजींच्या मागं दांडीला निघालेली माणसं. जुनी, नोटबंदीत गेलेली पाचशेची नोट आठवते का? तिच्या मागच्या बाजूला तेच शिल्प होतं. हे मात्र नानांनी ऐकलं. "मंग हा मानूस इतके वर्सं आपल्या खिशात होता की!" आणि खिशात किती होता आणि बदलायला किती दिवस रांगेत उभं राहिलो यावर दहा मिनिटं गेली.

आत गेलो. अमृता शेरगिलची चित्रं तिथं भरपूर आहेत. १९१३ ला बुडापेस्टला जन्म, पॅरिसला शिक्षण, आणि १९४१ ला लाहोरला गेली तेव्हा फक्त अठ्ठावीस वर्षांची. 'थ्री गर्ल्स' म्हणून १९३५ चं चित्र आहे, तीन मुली शेजारी शेजारी बसलेल्या, कोणीच आपल्याकडं बघत नाही. या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं होतं. त्यावर कोणी कोणी काय काय लिहिलंय ते मी थोडं वाचलंय, पण आई समोरच्या बाकावर बसली, पाय चोळत दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "पाव्हणे पाह्यले आलेत यायले." बास. आता मला ते चित्र दुसऱ्या कुठल्याच तऱ्हेनं बघता येत नाही. तिघी तयार होऊन बसल्यात, पोहे आत होतायत, आणि कोणाला पसंत करतील ते बाहेर ठरतंय.

शेरगिल १९३६ च्या शेवटी अजिंठ्याला आली होती. ते बघून ती दक्षिणेत गेली आणि नंतर १९३७ मधे 'ब्राइड्स टॉयलेट', 'ब्रह्मचारीज' ही चित्रं काढली, त्यात अजिंठ्याचा रंग उतरलाय असं म्हणतात, आणि ते म्हणायची गरजच नाही, जो लहानपणापासून शाळेच्या सहलीत दर दोन वर्षांनी अजिंठ्याला गेलाय त्याला ते तांबडं-तपकिरी लांबूनच कळतं. (अजिंठा कागदोपत्री आपल्या जिल्ह्यात नाही हे माहितीये. पण जळगावहून साठ किलोमीटर, सहल आमची, त्यामुळं अजिंठा आमचा.) तसं अजिंठ्याचं वेड लागून आपल्या भागात आलेली ती काही पहिली नाही. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून तिथं बसून भिंतीवरची चित्रं उतरवत होता, त्यातली बहुतेक चित्रं १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली, आणि माणूस स्वतः भुसावळला पुरलेला आहे. आम्ही गाडी पकडायला भुसावळला शंभरदा गेलो असू, त्याच्या कबरीवर एकदाही गेलो नाही.

पण मला जे सांगायचंय ते पुढच्या दालनातलं आहे. तिथं नंदलाल बोस यांची हरिपुरा पोस्टर्स लावलेली होती. हातकागदावर टेंपेरा (पाण्यात कालवलेले रंग), मातकट पिवळा, गेरू, काळी जाड रेघ, आणि वर कमानीसारखी चौकट. त्यात देव नाहीत, राजे नाहीत. शिंपी आहे, चांभार आहे, पैलवान आहेत, बैल आवरणारा आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत सुभाषबाबू अध्यक्ष होते त्या हरिपुरा काँग्रेससाठी केलेली. आणि गॅलरीत टांगायला नव्हतीच केली, उघड्यावर, मंडपात, कमानींवर, अधिवेशनाला आलेल्या गावच्या माणसाला जाता येता दिसावीत म्हणून.

मी मोबाईलवर हरिपुरा शोधत होतो, कुठं आहे म्हणून, तर गुजरातमधे, सुरत जिल्ह्यात, तापीच्या काठी. आपल्याच तापीच्या. आणि त्याच्या आधीचं ग्रामीण अधिवेशन म्हणून नाव आलं आपल्या जळगाव जिल्ह्यातलं फैजपूर!

फैजपूर काँग्रेस, डिसेंबर १९३६, खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष, हे आम्हाला शाळेत पाठ होतं, दर वर्षी भाषणं व्हायची. पण ते नगर सजवायला गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोसांना बोलावलं होतं, बांबू आणि गावात मिळेल त्या सामानातून त्यांनी सजावट केली, हे एका भाषणात कोणी सांगितल्याचं आठवत नाही. म्हणजे हरिपुऱ्याची ही जी पोस्टर्स आता दिल्लीत काचेत आहेत त्याच्या आधीचा धडा आमच्याकडं गिरवला गेला. आणि साल बघा, १९३६. इकडं जयपूरच्या महाराजांचा बंगला उभा राहिला त्याच वर्षी तिकडं बांबूचं गाव उभं राहिलं. बंगला आहे. बांबू राहणार नव्हतेच, अधिवेशन संपलं की उतरवायचे होते, त्यात कोणाची चूक नाही.

मी नानांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "बाबा गेलते फैजपूरले. दहा-बारा वर्साचे व्हते. बैलगाडीवर." बाबा म्हणजे माझे आजोबा. मला हे माहीतच नव्हतं. मी विचारलं काय सांगायचे? नेहरू पाहिले का, गांधी पाहिले का? "ते काही नही सांगत. म्हनायचे बांबूची अशी कमान व्हती की आमी मानसं पाहाची सोडून तिच्याकडंच पाहात व्हतो."

मी आजोबांना विचारायला हवं होतं, पण ते गेले तेव्हा मी आठवीत होतो आणि मला क्रिकेटशिवाय काही सुचत नव्हतं.

नवीन इमारतीतलं मग पटापट उरकलं, काही आवडलं, काही अजिबात नाही, एका पूर्ण निळ्या कॅनव्हाससमोर धाकटा हनुवटीला हात लावून इतका वेळ उभा राहिला की आईला वाटलं अभ्यासाचं टेन्शन आलं. बाहेर येऊन हिरवळीच्या कडेला वेफर्स काढले तर आत खायचं नाही म्हणाले, बरोबरच आहे, मग फूटपाथवर बसून खाल्ले. निघताना नानांनी चौथी फेरी मारली आणि म्हणाले माझा फोटो काढ यांच्यासोबत. नाना फोटो काढ असं स्वतःहून कधी म्हणत नाहीत.

तो फोटो आता त्यांच्या व्हॉट्सॲपला आहे. परवा पारावर बसलेल्यांनी विचारलं, नाना, हे कोन्या गावचं मंदिर? नाना म्हणाले मंदिर नही, दिल्लीचा लेबरचा पुतळा हाये. एकानं मोबाईल हातात घेऊन नीट मोठं करून पाहिलं आणि विचारलं, "चौघं दिवसभर असे करतीन तं रोज किती घेतीन?" त्यावर नानांनी सध्याचा केळी वाहायचा रेट सांगितला आणि विषय मजूर मिळत नाहीत यावर गेला.