पोटखराबा

आमच्या सड्याचा, म्हणजे वरच्या कातळपठाराचा, सातबारा परवा पहिल्यांदाच नीट वाचला. क्षेत्र 4 हेक्टर 12 आर, त्यातलं 3 हेक्टर 90 आर पोटखराबा, वर्ग 'अ'. म्हणजे लागवडीला अयोग्य. चिरेखाणीसाठी जमीन बघायला आलेले गृहस्थ म्हणाले, "ताई, नाहीतरी पडीकच आहे." डांबरी रस्ता किती लांब आणि जांभा दगड किती फूट निघेल, एवढं विचारून त्यांनी भाव सांगितला.

राजापूर तालुक्यात असे सडे दूरवर पसरलेत. मे महिन्यात काळाठिक्कर कातळ, पाय ठेववत नाही. श्रावणात तोच सडा मी गुडघ्यावर बसून बघते. बोटभर पाण्यात सीतेची आसवं उभी असतात, नखाएवढी जांभळी फुलं. त्या निकस मातीत पोट भरत नाही म्हणून ती बारीक किडे पकडून जगतात. दिवाळीच्या सुमाराला गवत कापणीला येतं, गोठ्याची वर्षाची बेगमी त्यातूनच होते. यातलं काहीच सातबाऱ्यावर नाही.

पाण्याचीही नोंद नाही. आत्या म्हणायची, "बाय, आपली बाव सड्यावर भरते." बाव म्हणजे विहीर. आमच्याकडे 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र, पाणी मुरत मुरत खालच्या वाडीत उतरतं. शेजारच्या वाडीच्या डोक्यावर खाण पडली, त्यांचा झरा आता शिमग्यालाच आटतो. तिथल्या बायका आमच्या बावीवर येतात.

बारसू, देवाचे गोठणे, कशेळी इथली कातळशिल्पं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. तोही असाच कातळ. आमच्या सड्यावर चित्र नाही, पण म्हणून तो खणून काढायचा हे मला पटत नाही.

मुंबईच्या दादाला पैशांची गरज आहे, मुलीचं शिक्षण अडलंय. त्याची अडचण खरी आहे. मी त्याला म्हटलं, माझ्या वाटणीची कलमांची झाडं तू घे, सडा विकू नको. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.

या मेअखेरीस बावीत दोरी सोडून पाणी मोजलं. साडेचार हात. आकडा उताऱ्याच्या पाठीमागे लिहून ठेवलाय. गणपतीला सगळे घरी येतील, तेव्हा तोच कागद पुढे ठेवणार आहे.